गर्दीचा कौल आणि श्रेष्ठतेची सनद

दर काही वर्षांनी एखादा चित्रपट असा येतो की, तिकिटांच्या खिडकीपुढील रांगा रस्त्यावर येतात, त्याच्या गीतांवाचून एकही वरात निघत नाही आणि पंधरवडा उलटण्यापूर्वीच ‘यासारखा चित्रपट आजवर झाला नाही’ असा फैसला चहाच्या टपरीपासून महाविद्यालयाच्या प्राध्यापक-दालनापर्यंत सर्वत्र ऐकू येऊ लागतो. बीदर जिल्ह्याच्या उत्तरेकडील आमच्या ठाणाकुशनूरसारख्या गावी हा फैसला एका भाषेत कधीच येत नाही. घरात मराठी, शाळेत व कचेरीत कन्नड, बाजारात दखनी उर्दू आणि पोटापाण्यासाठी हैदराबाद गाठणाऱ्यांच्या तोंडी तेलुगू, अशी आमच्या मुलखाची घडण असल्यामुळे ‘शोले’, ‘बाहुबली’, ‘कांतारा’ आणि ‘सैराट’ या चारही चित्रपटांचे अभिमानी एकाच पारावर बसलेले असतात आणि प्रत्येकाचा दावा तितकाच ठाम असतो. ज्या प्रदेशात एकच भाषा नांदते तेथील प्रेक्षकास आपल्या भाषेतील लोकप्रिय चित्रपटाला सर्वश्रेष्ठ म्हणून मोकळे होता येते. सीमेवरील प्रेक्षकाला मात्र दुसऱ्याचा पुरावाही ऐकून घ्यावा लागतो. म्हणूनच प्रचंड गल्ला जमविणाऱ्या चित्रपटास सर्वकाळातील श्रेष्ठ म्हणावे काय, या प्रश्नाची रुजुवात करण्यास आमच्या मुलखाइतके योग्य स्थळ दुसरे क्वचितच सापडेल, असे मला मनापासून वाटते.

मराठीपुरता हा दावा सांप्रत ‘सैराट’चा आहे. 29 एप्रिल 2016 रोजी तो प्रदर्शित झाला. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात, जेऊर येथे वाढलेल्या नागराज मंजुळे यांनी तो लिहिला व दिग्दर्शित केला. त्यापूर्वी ‘पिस्तुल्या’ या लघुपटाने आणि ‘फँड्री’ या चित्रपटाने त्यांचे नाव जाणकारांस परिचित झाले होते. सुमारे चार कोटी रुपयांत तयार झालेल्या आणि ज्याचे नायक-नायिका कोणास ठाऊकही नव्हते अशा ‘सैराट’ने तोवरच्या सर्व मराठी चित्रपटांना मागे टाकून शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. अकलूजची शाळकरी मुलगी रिंकू राजगुरू हिच्या अभिनयाची दखल प्रदर्शनापूर्वीच राष्ट्रीय पुरस्कारांच्या परीक्षकांनी घेतली होती आणि बर्लिनच्या महोत्सवातही चित्रपट दाखविला गेला होता. तथापि बर्लिनचे नाव ज्यांच्या कानी कधी गेले नाही, अशा लाखो माणसांनी तो उदगीर, लातूर, नांदेड, सोलापूर येथील चित्रपटगृहांत एकदा नव्हे, अनेकदा पाहिला. आमच्याकडील तरुण मंडळी तर एका दुचाकीवर तिघे बसून महाराष्ट्राची हद्द ओलांडीत आणि रात्री उशिरा परतल्यावर दुसऱ्या दिवशी कोणाला तरी सोबत घेऊन पुन्हा निघत.

आता गर्दी हे श्रेष्ठतेचे प्रमाण मानावयाचे, तर प्रथम गर्दी मोजावयाची कशी, हेच ठरविले पाहिजे. रुपयाचे मूल्य दरसाल घटत असते, तिकिटाचा दर वाढत असतो, आणि एकाच दिवशी हजारो पडद्यांवर चित्रपट झळकविण्याची सोय आज आहे, ती पूर्वी नव्हती. त्यामुळे कोटींचे आकडे हे कालांतराने जुन्या नाण्यांप्रमाणे केवळ संग्रहाच्या उपयोगाचे उरतात. पूर्वीचे लोक आठवडे मोजीत. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ हा 1959 सालचा तमाशापट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात 131 आठवडे चालला. ‘शोले’ मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षांहून अधिक काळ टिकला. राजकुमार यांच्या ‘बंगारद मनुष्य’ने 1972 पासून बंगळुरात जो मुक्काम ठोकला त्याची आठवण कन्नड माणूस आजही अभिमानाने काढतो. दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’पासून सुरू झालेली रौप्यमहोत्सवी चित्रपटांची मालिका तर सर्वांस ठाऊकच आहे. आठवड्यांच्या या मोजणीत निदान एक गुण होता: चित्रपट टिकला म्हणजे पहिल्या आठवड्यातील कुतूहल ओसरल्यानंतरही लोक येत राहिले, एवढे तरी त्यातून सिद्ध होई.

परंतु टिकाऊपणानेही प्रश्न सुटत नाही, आणि त्यासाठी 1975 या एकाच वर्षाचे दफ्तर उघडून पाहणे पुरेसे आहे. त्या वर्षी 15 ऑगस्टला ‘शोले’ आला, आणि त्याच वर्षी ‘जय संतोषी माँ’ हा अत्यल्प खर्चात तयार झालेला भक्तिपटही आला. दोहोंनीही अपार गर्दी खेचली. ‘जय संतोषी माँ’ पाहावयास आलेल्या स्त्रिया चित्रपटगृहाच्या दाराशी पादत्राणे काढून ठेवीत, पडद्यावर फुले व नाणी उधळीत. प्रेक्षकाच्या अंतःकरणावरील सत्ता हेच जर श्रेष्ठतेचे लक्षण असेल, तर त्या चित्रपटाइतकी सत्ता ‘शोले’नेही गाजविली नाही. तरीही आज त्यास कोणी सर्वश्रेष्ठ म्हणत नाही, आणि ‘शोले’स मात्र ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या 2002 मधील कौलात भारतीय चित्रपटांत पहिले स्थान मिळाले. त्याच ‘शोले’ला त्याच्या स्वतःच्या काळात फिल्मफेअरचे एकच पारितोषिक लाभले होते, ते संकलनाचे, आणि ते मिळविणारे संकलक एम. एस. शिंदे हे आपल्या मराठी मुलखातले. मैलोगणती फितीतून ज्याने तो चित्रपट कोरून काढला त्याचे नाव गब्बरचे संवाद तोंडपाठ म्हणणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते, याचे मला नेहमीच वाईट वाटत आले आहे.

जाणकारांच्या याद्यांची अवस्थाही याहून निश्चित नाही. ‘साइट अँड साउंड’ हे इंग्रजी नियतकालिक 1952 पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचे मत घेत आले आहे. पहिल्या वेळी ‘बायसिकल थीव्ह्ज’ अग्रस्थानी होता, त्यानंतर पन्नास वर्षे ‘सिटिझन केन’ने ती गादी सांभाळली, 2012 मध्ये हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ने त्याला पदच्युत केले आणि 2022 मध्ये शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेच्या, एका गृहिणीच्या दिनक्रमाचे दीर्घ चित्रण करणाऱ्या कृतीने तेही स्थान घेतले. ‘सिटिझन केन’ प्रदर्शनाच्या वेळी तोट्यात गेला होता, हेही येथे ध्यानी घेण्यासारखे आहे. म्हणजे गर्दीने नाकारलेले काळाने स्वीकारले, आणि काळाने स्वीकारलेलेही पुढच्या पिढीने बाजूस सारले. आपल्याकडे राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले, त्यानंतर अर्धशतकाने ‘श्वास’ला व पुढे ‘कोर्ट’ला सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान लाभला. यांपैकी ‘श्यामची आई’ घराघरांत पोहोचली. ‘कोर्ट’ हा माझ्या मते विलक्षण प्रामाणिक आणि धाडसी चित्रपट असूनही आमच्या तालुक्यात तो पाहिलेला मनुष्य शोधावा लागेल. ज्या शोषिताची हकीकत त्यात सांगितली आहे, तोच जर प्रेक्षकांत नसेल, तर त्या कृतीचे मोल घटत नाही हे खरे. पण तिचे कार्य अपुरे राहते, हेही तितकेच खरे.

‘सैराट’चा विचार येथून सुरू व्हावयास हवा. त्याची गर्दी ही त्याच्या कलेबाहेरची, वितरकाच्या कर्तबगारीने मिळालेली गोष्ट आहे, असे मला वाटत नाही. ती त्याच्या रचनेचाच अविभाज्य भाग आहे.

पाटलाची मुलगी अर्ची आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील मुलगा परश्या यांची प्रीती, एवढेच कथानक. पूर्वार्धात नदीचे विस्तीर्ण पात्र, जुनी विहीर, केळीची बाग, उसाचे फड, क्रिकेटचा सामना, बुलेटवरून आणि ट्रॅक्टरवरून येणारी अर्ची. अजय-अतुल यांचे संगीत, ज्यातील वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिस येथे झाले. आणि सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा कॅमेरा, ज्याने आमच्यासारख्यांच्या नित्य परिचयाच्या कोरड्या माळरानास असे काही तेज दिले की, आपण राहतो तो मुलूख सुंदर आहे, हे कित्येकांस प्रथमच उमगले. ही सर्व सामग्री लोकप्रिय चित्रपटाची आहे, आणि मंजुळे यांनी ती संकोचाने नव्हे, मनःपूर्वक वापरली आहे. परंतु त्या आनंदातच त्यांनी एक चपराक पेरून ठेवली आहे. वर्गात कविता शिकविणाऱ्या दलित प्राध्यापकाच्या मुखावर पाटलाचा मुलगा प्रिन्स भर वर्गात हात उगारतो, आणि त्या अपराधाचे परिमार्जन होण्याऐवजी प्राध्यापकालाच पाटलाच्या थोरवीची ओळख करून दिली जाते. त्या क्षणी प्रेक्षक गीतांच्या धुंदीत असतो. तो प्रसंग पाहतो आणि विसरतो. पुढे जे घडणार आहे त्याची संपूर्ण कैफियत तेथे मांडलेली असते.

चारही गाणी पूर्वार्धातच संपतात. दोघे पळून हैदराबादला जातात आणि चित्रपटाची चालच पालटते. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला हा भाग लांबलेला वाटला, असे मी अनेकदा वाचले आहे. आमच्या मुलखातील प्रेक्षकाला तो तसा वाटला नाही. परळी-विकाराबाद लोहमार्गावरील कमलनगर, भालकी, बीदर या स्थानकांवरून रोजगारासाठी हैदराबादची गाडी पकडणे हा येथील कित्येक घरांचा पिढीजात परिपाठ आहे. 1956 साली भाषावार प्रांतरचना होईपर्यंत ती आमची राजधानीच होती. तेथील झोपडपट्टीतील पत्र्याची खोली, सार्वजनिक नळावरचा तंटा, भाषा न येणाऱ्या नवख्या बाईची कारखान्यातील पहिली पाळी, आणि कोणीतरी अनोळखी अक्का आधार देईल तर तरणोपाय, हे सारे आमच्या माणसांच्या अनुभवातले आहे. पाटलाच्या वाड्यात हुकूम सोडणारी अर्ची येथे उष्ट्या-खरकट्याच्या दर्पाने कासावीस होते, घरच्या आठवणीने रडते, परश्याशी भांडते, परत जाण्यास निघते आणि पुन्हा माघारी येते. प्रेमाची गाणी गाणाऱ्या किती चित्रपटांनी प्रेमानंतरच्या संसाराचा हा हिशेब मांडला आहे? तेथे तेलुगू बोलली जाते ती काही केल्या समजत नसल्याने महाराष्ट्रातील प्रेक्षक अर्चीइतकाच परका होतो. आम्ही मात्र ती अर्धीमुर्धी समजत असल्यामुळे त्या दोघांच्या शेजारी राहणाऱ्या कुटुंबासारखे तो संसार पाहत होतो. या भागामुळेच ‘सैराट’ साध्या प्रेमपटांच्या पंक्तीतून उठून वर जातो, असे माझे मत आहे.

आणि मग तो शेवट. माहेरून भेटी घेऊन आलेली माणसे, चहा, पोराला शेजारीण घेऊन गेलेली, आणि त्यानंतर दोघांच्या हत्येची, संगीताचा एकही स्वर नसलेली ती अखेरची मिनिटे. ज्या प्रेक्षागृहात तासाभरापूर्वी शिट्ट्या आणि नाच चालला होता, तेथे त्या वेळी श्वास ऐकू येत असे, हे अनेकांनी अनुभवले आहे. हा परिणाम केवळ दुःखान्त कथेचा नव्हे. दुःखान्त प्रेमकथा आपल्याकडे लैला-मजनूपासून आहेत आणि आपण त्या गोड मानून घेत आलो आहोत. येथे दिग्दर्शकाने लाखो लोकांना त्यांच्या आवडीच्या वस्तूंनी बोलावून घेतले, मनसोक्त आनंद दिला, आणि मग ज्या व्यवस्थेचे आपण सर्व घटक आहोत तिचे कृत्य त्यांच्यासमोर मांडून संगीत बंद केले. गर्दी नसती तर हे शक्यच झाले नसते. एखाद्या महोत्सवाच्या सभागृहात, आधीच सहमत असलेल्या शंभर रसिकांपुढे ती शांतता पसरली असती, तर तिला हे सामर्थ्य आले नसते. ज्यांच्या घरात उद्या असा प्रसंग उद्भवू शकतो, ते भाऊ, ते बाप, त्या आया त्या अंधारात बसलेल्या होत्या.

बीदर जिल्ह्यातील मनुष्याला या शेवटाने आणखी एका गोष्टीची आठवण होते. याच जिल्ह्यातील बसवकल्याण येथे, बाराव्या शतकात, महात्मा बसवेश्वरांच्या शरण परिवारातील हरळय्या या चर्मकार शरणाच्या मुलाचा विवाह मधुवरस या ब्राह्मण अधिकाऱ्याच्या मुलीशी झाला, आणि त्याबद्दल बिज्जल राजाच्या दरबारातून दोन्ही पित्यांस हत्तीच्या पायी बांधून ओढविण्याची शिक्षा झाली, असे परंपरा सांगते. त्यातून कल्याणनगरीत उत्पात झाला, शरण परागंदा झाले, राजाचाही अंत झाला. गिरीश कार्नाड यांनी ‘तलेदंड’ या नाटकात हाच विषय हाताळला आहे. त्या कथेत आणि ‘सैराट’मध्ये एक मोठा भेद आहे, तो विसरता कामा नये. कल्याणात दोन्ही पित्यांनी विवाहास संमती दिली होती आणि शिक्षा राजसत्तेने केली. करमाळ्याच्या कथेत राजसत्तेचा कायदा विवाहाच्या बाजूचा आहे, निबंधकाच्या दफ्तरात त्याची नोंद होऊ शकते, आणि शिक्षा घरच्यांनीच केली. आठ शतकांत कायदा पालटला. जातीचा निवाडा मात्र दरबारातून ओसरीवर आला. डॉ. आंबेडकरांनी 1936 साली जातिनिर्मूलनावरील आपल्या प्रबंधात आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय असल्याचे सांगितले होते. तो उपाय करू पाहणाऱ्यांना काय किंमत मोजावी लागते, हे मराठीत एवढ्या विशाल जनसमुदायापुढे ‘सैराट’पूर्वी कोणी मांडले नव्हते.

त्याची थोरवी त्याच्या अनुकरणांवरूनही ताडून पाहता येते. 2017 मध्ये ‘मनसु मल्लिगे’ या नावाने तो कन्नडमध्ये आला आणि त्यातही नायिका रिंकू राजगुरूच होती. पंजाबी, ओडिया, बंगालीतही त्याची रूपांतरे झाली. 2018 मध्ये ‘धडक’ या नावाने तो हिंदीत, उदयपूरच्या राजवाड्यांच्या पार्श्वभूमीवर अवतरला. काही गाणी तीच, कथेचा सांगाडाही जवळजवळ तोच, खर्च मात्र कितीतरी अधिक; तरीही त्या रूपांतरांनी मूळचा ठसा उमटविला नाही. ‘धडक’मध्ये जातीचा उल्लेख ओझरता करून श्रीमंती-गरिबीचा भेद पुढे आणला गेला, आणि त्याबरोबर कथेचा कणाच निघून गेला. लोकप्रियतेचे मर्म जर गाण्यांत आणि नाट्यात असते, तर ते भाषांतराबरोबर सहज स्थलांतरित झाले असते. ते करमाळ्याच्या मातीत, त्या पाटीलकीत, त्या बोलीत होते. आणि ते तेथेच राहिले.

एवढे सगळे मान्य करूनही ‘सैराट’ला सर्वश्रेष्ठ मराठी चित्रपटाची सनद देण्यास माझे मन धजत नाही, आणि त्याचे कारण त्याच्या यशातच आहे. त्याचा आनंद आणि त्याचे सत्य हे दोन भागांत विभागलेले आहेत. त्यामुळे प्रेक्षकाला आनंद घेऊन सत्य मागे टाकता आले. त्यातील ‘झिंगाट’ हे गीत ज्या वरातींत वाजले, त्यांतील बहुतेक वराती जातीची पत्रिका जुळवूनच निघाल्या होत्या. आमच्याही गावोगाव हेच घडले. जी मुले त्या गीतावर बेभान होऊन नाचली, त्यांच्यापैकी कित्येकांना बहिणीच्या पसंतीचा प्रश्न निघताच चित्रपटातील प्रिन्स अधिक जवळचा वाटला. याचा संपूर्ण दोष कलावंतावर टाकणे अन्यायाचे होईल, हे मी जाणतो. कलाकृती माणसाला दारापर्यंत नेऊ शकते, उंबरा त्याचा त्यालाच ओलांडावा लागतो. परंतु ज्या कृतीत गीत आणि वेदना, करमणूक आणि बोध यांची फारकतच करता येत नाही, अशी कृती मराठीत झालेली नसती, तर ही तक्रार मी केली नसती. ती झालेली आहे, आणि तीही तिच्या काळातील सर्वांत लोकप्रिय कृतींपैकी होती.

प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ 12 डिसेंबर 1936 रोजी प्रकाशित झाला. दामले आणि फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, शिवराम वाशीकर यांचे लेखन. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो सलग 57 आठवडे चालला, आणि पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्या वर्षीच्या तीन सर्वोत्तम चित्रपटांपैकी एक म्हणून गौरविला गेला. गर्दी आणि जाणकार यांचा निवाडा एकाच चित्रपटाच्या बाजूने पडल्याचे असे उदाहरण आपल्याकडे विरळा. तुकोबांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस हे रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले गायक नट. तुकोबांची पत्नी जिजाई झालेली गौरी ही प्रभातमध्ये किरकोळ कामे करता करता पडद्यावर आलेली, शिक्षणाचा संस्कार न झालेली स्त्री. या दोघांनी जो संसार उभा केला, त्यासमोर नंतरच्या आठ दशकांहून अधिक काळातील फार थोडे संसार टिकतील.

या चित्रपटाची थोरवी मला जिजाईमध्ये दिसते. संतचरित्रात संताचे म्हणणे खरे आणि बायकोचे म्हणणे कटकटीचे, अशी वहिवाट असते. येथे तसे नाही. घरात दाणा नाही, मूल तापाने फणफणले आहे, आणि नवरा विठ्ठलाच्या नादी लागलेला. तेव्हा एका हाताने पोर ओढीत आणि दुसऱ्या हातात पायातली वहाण घेऊन ती थेट देवळात जाते, देवालाच जाब विचारावयास. प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता त्याच्या ध्यानी येते की, या बाईचा दावा देवापुढेही टिकण्यासारखा आहे. शिवरायांनी पाठविलेला नजराणा तुकोबा परत करतात. त्यांचे वैराग्य थोर आहेच, पण ज्या घरातून ती संपत्ती परत जाते त्या घरातील चुलीकडे दिग्दर्शकांनी पाठ फिरविलेली नाही. आणि अखेरीस वैकुंठाचे निमंत्रण आले असताही ती स्वयंपाक टाकून जाण्यास तयार होत नाही. तेथे कोणी कोणाला हरवीत नाही. भक्ती खरी आणि भूकही खरी.

गीते तर अशी की, ती वेगळी काढताच येत नाहीत. माणसे काम करीत असतात, चालत असतात, पोरांना खेळवीत असतात, आणि त्या हालचालीतूनच अभंग उमलतो. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेले एक गीत मूळ गाथेशी इतके एकरूप झाले की, ते तुकोबांचेच आहे असे मानणारे लोक आजही भेटतात. ‘संत तुकाराम’मधील गाणी ऐकून चित्रपटाचा आशय मागे टाकणे कोणालाही साधावयाचे नाही, कारण गाणे हाच आशय आहे. ‘सैराट’ प्रेक्षकाला एका जगातून उचलून दुसऱ्यात टाकतो, आणि ते टाकणे भयंकर परिणामकारक आहे. ‘संत तुकाराम’ला तसे करण्याची गरजच पडत नाही, कारण त्याने पहिल्या चौकटीपासून एकच अखंड जग निर्माण केलेले आहे. कलेच्या दृष्टीने हे दुसरे अधिक कठीण, आणि म्हणूनच मी त्याला वरचे आसन देतो.

त्याचबरोबर मला एक कबूल केलेच पाहिजे की, आजच्या ठाणाकुशनूरच्या तरुणाला या दोहोंपैकी एकच चित्रपट दाखवावयाचा असेल, तर मी ‘सैराट’ दाखवीन. तुकोबांच्या चित्रपटातील अन्याय करणारा सालोमालो हा परका, खलपुरुष आहे. त्याचा पराभव पाहून आपण निर्धास्त घरी येतो. ‘सैराट’मधील अन्याय करणारे मात्र अर्चीची प्रेमाची माणसे आहेत, माहेरची भेट घेऊन येणारे आहेत, आणि त्यांच्यात आपला चेहरा ओळखू येतो. श्रेष्ठ कोण आणि आवश्यक कोण, हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत. पहिल्याचे उत्तर देण्यास पिढ्यांचा अवधी लागतो, आणि ‘सैराट’ला अजून तो मिळालेला नाही, दुसऱ्याचे उत्तर प्रत्येक गावाने आपापल्या गरजेप्रमाणे आजच द्यावयाचे असते. ‘माहेरची साडी’ 1991 साली आला, तेव्हा समीक्षकांनी त्यास भडक ठरविले, आणि कलादृष्ट्या ते चुकले असे मी म्हणणार नाही; परंतु सासुरवासाचे दुःख कोणापुढे बोलावयाचे याची ज्यांना सोय नव्हती, अशा सहस्रावधी स्त्रियांना तीन तास एकत्र बसून उघडपणे रडण्याचा अधिकार त्या चित्रपटाने मिळवून दिला. त्याची नोंद सर्वश्रेष्ठांच्या यादीत होणार नाही. पण ज्या घरांत ती साडी आठवणीत आहे, तेथे त्याची गरज कोणास पटवून द्यावी लागत नाही.

आमच्याकडे यात्रांचा मोसम आला म्हणजे तंबूतील चित्रपट आणि तमाशाचे फड यांची जुनी मंडळी अजून आठवण काढतात. भालकी तालुक्यातील खानापूर-मैलारच्या खंडोबापासून नांदेडकडील माळेगावपर्यंत ही परंपरा होती. माझी एक साधी सूचना आहे. येत्या मोसमात एखाद्या गावाने यात्रेच्या रात्री पडदा उभारून ‘संत तुकाराम’ आणि ‘सैराट’ हे दोन्ही चित्रपट लागोपाठ दाखवावेत, आधी 1936 चा आणि मग 2016 चा, आणि दोहोंनंतर कोणी व्याख्यान देऊ नये. दोन्ही मिळून पाच तासांचा कारभार आहे. तमाशाला दिवस उजाडेपर्यंत बसणाऱ्या गावकऱ्यांस तो मुळीच जड जाणार नाही. बायामाणसांसाठी पुढची जागा राखून ठेवावी, कारण या दोन्ही चित्रपटांतील निर्णायक शब्द बाईचा आहे, आणि आमच्या पारावरील वादांत तिचे मत आजवर कोणी विचारलेले नाही.